शनिवारची लिंबू-मिरची : वर्षभराचा अनुभव

आमच्या गल्लीतील दुकानांना दर शनिवारी सकाळी लिंबू-मिरची बांधून देणाऱ्या मावशींची सेवा मी, देव वा दृष्ट काहीच न मानणाऱ्या स्टेशनरी दुकानदाराने, भागीदाराच्या आग्रहाखातर वर्षभर घेतली. वक्तशीरपणाला तोड नाही. तारेत कोळसा, ताजे पिवळे लिंबू आणि देठासकट सात हिरव्या मिरच्या ओवलेला हा माल १० रुपयांत महाग म्हणता येणार नाही. जुनी माळ मात्र त्या रस्त्यातच टाकतात आणि ती ओलांडायला नको म्हणून गिऱ्हाईक वळसा घालते, ही मोठी उणीव आहे.

‘तुझं न मानणं हेही मानणंच की,’ असे भागीदार म्हणतो. मला ते पटत नाही, कारण पुराव्याअभावी एखादी गोष्ट न स्वीकारणे ही वेगळी श्रद्धा ठरत नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदासुद्धा श्रद्धेवर नव्हे, तर तिच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीवर आणि अघोरी प्रथांवर बोट ठेवतो. तरीही एका शनिवारी मावशी आल्या नाहीत आणि नेमकी विक्री दुप्पट झाली, तेव्हा ‘बघ, माझंच खरं’ असे मी त्याला ऐकवले. एका दिवसाच्या गल्ल्यावरून काढलेला तो निष्कर्ष माझा होता, त्याचा नव्हे. सेवेला पाचपैकी साडेतीन गुण देतो.