रशियनसाठी फोन की डिक्शनरी?

बेळगावच्या उद्यमबागेत मशीनशॉप चालवणाऱ्या आमच्या भावजींना रशियाला जाणाऱ्या पार्टांची लिस्ट इंग्लिशमधून रशियनमध्ये करायची होती, आणि फोनवरच्या भाषांतरावर भागेल की जाडी डिक्शनरी घ्यावी, ह्यात ते अडकले.

पैशाचं सांगायचं तर फोन फुकट, डिक्शनरी जुनी मिळाली तर बरं. स्पीडमध्ये पण फोनच पुढं.

खरं अर्थाचं लई वेगळं आहे. फोनमध्ये नुसतं 'की' टाकलं तर तो 'क्ल्यूच' देतो, म्हणजे कुलपाची किल्ली, आणि शाफ्टवर पुली फिरू नये म्हणून आपण बसवतो ती की म्हणजे 'श्पोन्का'. 'स्प्रिंग' तर आणखी वाईट, वसंत ऋतू 'वेस्ना', तारेची स्प्रिंग 'प्रुझीना', पाण्याचा झरा 'रोद्निक', आणि गंमत बघा, झऱ्याला 'क्ल्यूच'सुद्धा म्हणतात, नट आवळायच्या पान्याला पण! बोल्टचा नट म्हणजे 'गाइका', नाहीतर खायचा अक्रोडासारखा नट 'अरेख' जायचा की पेटीवर लिहून.

डिक्शनरीत हे सगळे अर्थ एकाखाली एक असतात, तांत्रिक अर्थापुढं खूण असते, फक्त रशियन लिपी वाचता आली पाहिजे, ती ३३ अक्षरं भावजी शिकतील असं मला तरी वाटत नाही.

पूर्ण वाक्य, मेल, दराची बोलणी असतील तर फोन बरा, आजूबाजूचे शब्द बघून तो बऱ्यापैकी ओळखतो. खरं लेबल, ड्रॉइंग, जिथं एकच सुटा शब्द असतो, तिथं अक्षरं शिकून का होईना, डिक्शनरीच घ्या भावजी.