जाळीतला दगड की वाळा? पुरानंतर काठ सावरताना

2019 च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली आणि तिच्या फुगवट्याचं पाणी आमच्या वारणाकाठच्या रानात आठवडाभर हललं नाही. ऊस कुजला, ते एका हंगामाचं नुकसान. काठ ढासळला, ते रान मात्र कायमचं गेलं.

पाणी चढत असताना आमचा काठ पडला नाही, पडला तो उतरताना. काळी माती भिजून जड झालेली असते. नदी भराभर खाली गेली की समोरून असलेला पाण्याचा रेटा सुटतो आणि अख्खी कड खाली बसते. म्हणून कुठलाही उपाय निवडताना पूर उतरण्याचे ते दोन-तीन दिवस डोळ्यांसमोर ठेवा.

आम्ही गॅबियनची, म्हणजे जाळीत दगड भरलेली भिंत घ्यायचं ठरवलं होतं. साठेक फूट काम झालं आणि मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. खाणीवरचा दगड थांबला. पावसाळा तोंडावर, म्हणून उरलेल्या भागाला उतार काढून वाळा, म्हणजे खस गवत, लावला. त्यामुळे एकाच काठावर, एकाच मातीत दोन्ही शेजारी-शेजारी पाहायला मिळाले.

गॅबियनच्या बाजूने बोलायचं तर जमीन वाचते, ही मोठी गोष्ट आहे. वीस फूट उंच काठाला दीडास एक उतार द्यायचा तर वरून तीस फूट रान सोडावं लागतं. काठाच्या दर 33 फुटांमागे जवळपास एक गुंठा झाला. मळईच्या, म्हणजे नदीच्या गाळाच्या रानातला गुंठा स्वतःच्या हातानं कापून द्यायला जीव होत नाही, हे मी अनुभवलंय. भिंत उभी राहते, पहिल्या दिवसापासून कामाला लागते, शेळ्या ती खात नाहीत.

2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाणी उतरल्यावर मी काठावरून चालत होतो आणि गॅबियनच्या मागे पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. वरची माती बाजूला करून बॅटरी मारली, तर भिंतीमागे माणूस बसेल एवढी पोकळी. जाळी शाबूत, एक दगड हललेला नाही, माती तेवढी दगडांच्या फटींतून पाण्याबरोबर निघून गेलेली. दगड आणि मातीमध्ये गाळणीचं जिओ टेक्स्टाईल कापड घालायला हवं होतं; काम करणाऱ्यानं ‘इथं गरज नाही’ म्हटलं आणि मी मान डोलावली. कापड घातलेली गॅबियन चांगली टिकत असेलही. पण चूक झाली तर ती दुरुस्त करायची कशी? मागे कापड घालायचं म्हणजे अख्खी भिंत उकलायची. आम्ही नुसता मुरूम टाकत राहिलो. दर पावसाळ्यानंतर तो खचलेला, पुन्हा ट्रॉली, पुन्हा भराव. माझं मन तिथंच फिरलं.

वाळ्याकडे गेलो तर तो उतारावर सपाट झोपलेला, वर दोन बोटं गाळ. आठवड्याभरात त्या गाळातून हिरवे कोंब वर आले. दोन जागी ओळ तुटली होती. शेजारचा ठोंब फोडून तिथं लावला, काम संपलं. त्याची मुळं पसरण्यापेक्षा सरळ खाली जातात, दहा फुटांपर्यंतही, आणि माती धरून ठेवतात.

त्याचेही नखरे आहेत. पहिलं वर्ष नाजूक असतं. त्या वर्षी मोठा पूर आला नाही, हे आमचं नशीब. जमलं तर फेब्रुवारी-मार्चमध्येच लावा, मोटारीचं पाणी द्या आणि शेळ्यांसाठी कुंपण घाला. ठोंब चार-सहा इंचांवर, ओळी उताराला आडव्या. आणि सावली नको. गावात बांबू सुचवणारे भेटतील. बांबू चांगलाच, पण त्याची मुळं बहुतेक वरच्या दोन-तीन फुटांतच असतात. अगदी कडेवर बेट माजलं तर कडेसकट खाली येतं. तो मागे सरकवून लावा.

जिथं नदीचं वळण तुमच्या काठावर थेट आदळतं, तिथं मात्र एकट्या वाळ्यावर विसंबू नका. जिथं पायथा उन्हाळ्यातही पाण्यात राहतो, तिथं वाळा नीट धरत नाही. आम्ही पायथ्याला कापड अंथरून तीनेक फूट मोकळा मोठा दगड टाकला, वरच्या उतारावर वाळा. मोकळा दगड खालची वाळू सरकली की आपोआप खाली बसतो, जाळीतला तसा बसत नाही. मात्र दगड टाकण्याआधी पाटबंधारे आणि तहसील, दोन्हीकडे विचारा.

तुमचा काठ वेगळा असेल, माती मुरमाड असेल, जमीन सोडणं परवडणारं नसेल, तर गॅबियनला मी नाही म्हणणार नाही. फक्त कापड घालताना स्वतः उभे राहा. आमच्या त्या साठ फुटांची भिंत या उन्हाळ्यात उकलायची ठरलंय. दगड पायथ्याला जाईल. ठोंब आमच्याच काठावरचे.