कॅल्शियमच्या भावात मीठ

घरी मासे-प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी असेल तर हे वाचाच, गोव्यातल्यांनी तर नक्कीच. टू-पार्ट डोसिंगचा, म्हणजे टाकीतल्या पाण्याला कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (आम्ल पेलण्याची ताकद) दोन वेगळ्या पावडरींनी पुरवायचा माल विकणारा एक जण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. माझे ८,८०० गेले: कॅल्शियम क्लोराइड २ किलो ३,२००, अल्कलिनिटी बफर १,८००, टेस्ट किट ३,४५०, कुरिअर ३५०. किटही त्याचंच घ्यायला लावलं, म्हणजे चोरानेच पंचनामा करायचा!

डोस सुरू केला आणि अल्कलिनिटी ८ वरून ११ डीकेएचवर (अल्कलिनिटी मोजायचं एकक) चढली. कॅल्शियम मात्र कधीही मोजा, ४२० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). फोन केला तर म्हणे, "टाकी सेट झाली बाब तुमची." इकडे दगडांवरचा जांभळा कोरॅलाइन शेवाळाचा थर पांढरा पडत चालला होता. शेवटी म्हापशाच्या मित्राने स्वतःचं किट आणून मोजलं. कॅल्शियम ३१०! खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर पाण्याची घनता १.०२५ असायची ती १.०२७. चिमूटभर पावडर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकली. कॅल्शियम असतं तर पांढराशुभ्र साका आला असता. पाणी नितळच. मीठ होतं ते, साधं मीठ! बफर तेवढा खरा, म्हणजे खाण्याचा सोडा, १,८०० रुपयांचा. मीठच घ्यायचं तर आगरवाड्याच्या मिठागरावर गेलो नसतो?

मला राहून राहून जुलैमधली एक संध्याकाळ छळते. फोंड्याचा पाऊस, पॅकेट उघडंच राहिलेलं. बायको म्हणाली, "कपाटात ओल धरायला ठेवतो त्या डब्यातही कॅल्शियम क्लोराइडच असतं ना? त्याचं पाणी होतं, याचं कसं होत नाही?" मी ऐटीत सांगितलं, "हे अ‍ॅक्वेरियम ग्रेड आहे." खरं क्लोराइड मगातल्या पाण्यात टाकलं की तो मग हाताला गरम लागतो. माझा कायम थंडगार. पण सांगा, समोर किट ४२० दाखवत असताना मगाला हात लावून कोण बघतं? किटवरच्या मुदतीच्या तारखेवर दुसरं स्टिकर होतं, तेही नखाने खरवडल्यावर कळलं. स्टिकर दिसलं की खरवडाच.

पोलीस ठाण्यात गेलो. "मासे मेले का?" नाही. "मग तक्रार कसली?" दुसरे साहेब आले, त्यांना टाकीतल्या प्रवाळाचा परवाना हवा! दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत हे मलाही ठाऊक आहे, माझ्याकडे एकही नाही, मशरूम आणि लेदर हे मऊ प्रवाळ आहेत. अर्धा तास तेच समजावत बसलो, मीठ बाजूलाच राहिलं. वजनमापवाले म्हणाले, २ किलो भरतंय ना, मग आमचं काम नाही. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर बिल मागितलं. बिल असतं तर आलो कशाला असतो? बँकेचं उत्तर ठरलेलं: यूपीआयने तुम्हीच पाठवलेत. प्रत्येक ठिकाणी झेरॉक्स मात्र दोन-दोन ठेवून घेतल्या.

पैसे गेल्याचं कळताच १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, मी उशिरा केला. माल आणि किट एकाच माणसाकडून घेऊ नका. सोड्याची चाचणी पहिल्या डोसच्या आधी.

आता त्याने नंबर आणि फोटो बदललाय. पाकीट तेच, हिरव्या लेबलचं, आत सिलिकाची पुडी. बिल मागून पाहा, लगेच ब्लॉक करतो.