हेगच्या न्यायालयाची वेबसाइट: कलम ३८ शिकायचं तर खटला क्रमांक ३२ उघडा

आंतरराष्ट्रीय कायद्याचे नियम येतात कुठून? परीक्षेतलं उत्तर ठरलेलं आहे: हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या स्टॅट्यूटचं, म्हणजे त्याच्या स्थापनेच्या नियमावलीचं, कलम ३८. करार, प्रथा, कायद्याची सर्वसाधारण तत्त्वं, आणि दुय्यम साधन म्हणून न्यायनिर्णय व नामवंत अभ्यासकांचं लेखन. एलएलबीची गाइडं ही यादी पाठ करून घेतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. प्रत्यक्ष खटल्यात ही साधनं कशी वापरली जातात ते बघायचं असेल, तर न्यायालयाची स्वतःची वेबसाइट, आयसीजे-सीआयजे डॉट ओआरजी, गाइडांपेक्षा कितीतरी सरस आहे. सगळं फुकट, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत. फक्त नवख्याने सुरुवात कुठून करायची, हे ती सांगत नाही.

सुरुवात खटला क्रमांक ३२ पासून करा. ‘राइट ऑफ पॅसेज’, पोर्तुगाल विरुद्ध भारत. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेलं. तेव्हा पोर्तुगीजांकडे असलेल्या दमणहून भारताच्या हद्दीतून तिथे जाण्याचा आपला हक्क भारताने अडवला, असं म्हणत पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ ला दावा लावला. न्यायालयाचं सक्तीचं अधिकारक्षेत्र (म्हणजे आपल्याविरुद्धचे दावे चालवण्याचा त्याचा अधिकार) पोर्तुगालने मान्य केलं होतं १९ डिसेंबरला, म्हणजे अवघे तीन दिवस आधी! प्राथमिक आक्षेपांवरचा, म्हणजे न्यायालयाला हा खटला चालवता येतो का यावरचा, निकाल १९५७ चा आहे, तो आधी बाजूला ठेवा. १२ एप्रिल १९६० चा निकाल उतरवून घ्या.

आता हा निकाल शेवटाकडून वाचा. शेवटी मतांची मोजणी आहे. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता: ११ विरुद्ध ४. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा नेण्याचा नव्हता: ८ विरुद्ध ७. भारताने आपली जबाबदारी मोडली नाही: ९ विरुद्ध ६. एवढं डोक्यात ठेवून मागे या, म्हणजे प्रत्येक परिच्छेद कशासाठी लिहिलाय ते कळत जातं.

करार हे पहिलं साधन इथे थेट पुण्यातून येतं. पोर्तुगालचा आधार होता मराठ्यांशी झालेला १७७९ चा पुण्याचा तह आणि त्यामागून आलेल्या १७८३ व १७८५ च्या सनदा. दादरा-नगर हवेलीची गावं सार्वभौम हक्काने मिळाली, हा पोर्तुगालचा दावा. न्यायालयाने तह वैध धरला, पण सतराव्या कलमाचे समोर आलेले वेगवेगळे पाठ तपासून सांगितलं की यातून सार्वभौमत्व दिलेलं दिसत नाही. दिलाय तो वर्षाला बारा हजार रुपयांचा महसूल. कारणही नेमकं दिलंय: मराठ्यांना मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे, तेव्हा त्यांच्या इतर तहांत तसे स्पष्ट शब्द येत. जहागीर आणि सरंजाम हे शब्द हेगच्या निकालपत्रात वाचायला मिळतात, हा मराठी वाचकाला मिळणारा जास्तीचा आनंद. कराराचा अर्थ शब्द, संदर्भ आणि त्या काळची पद्धत बघून लावायचा असतो, हे यापेक्षा चांगलं उदाहरण देऊन शिकवता येणार नाही.

मग हक्क आला कुठून? प्रथेतून. इंग्रजांच्या आणि नंतर भारताच्या काळात सव्वाशे वर्षांहून जास्त काळ माणसं आणि माल विनाअडथळा जात होते. प्रथा सिद्ध व्हायला पुष्कळ देश लागतात, दोघांत ती होत नाही, असा भारताचा युक्तिवाद होता. तो ३९ व्या पानावर फेटाळला आहे. सैन्याचं मात्र उलट. तिथे दरवेळी परवानगी लागे, आणि १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातही तशी अट होती. परवानगी मागून जाणं म्हणजे हक्काने जाणं नव्हे. विद्यार्थी नेमके इथेच चुकतात: नुसती वहिवाट दाखवतात आणि ती बंधनकारक मानली जात होती का, हे तपासायचं विसरतात. सर्वसाधारण तत्त्वं? पोर्तुगालने तीही मांडली होती, पण स्थानिक प्रथेवर काम भागल्यावर त्यात शिरायची गरज नाही, असं न्यायालय म्हणालं.

मूळ निकालाखालची स्वतंत्र आणि असहमतीची मतं सोडू नका. भारताने नेमलेले तदर्थ (फक्त या खटल्यापुरते) न्यायाधीश एम. सी. छागला, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती, यांचं मत तिथेच आहे.

आता तक्रारी. जुन्या निकालांच्या पीडीएफ स्कॅन केलेल्या आहेत. शब्दशोध अर्धवट चालतो. फ्रेंच आणि इंग्रजी मजकूर समोरासमोरच्या पानांवर असल्याने फोनवर वाचताना एक पान सोडून एक सरकवावं लागतं. १९६० च्या निकालात परिच्छेदांना क्रमांक नाहीत, म्हणून संदर्भ पानाचा द्यायचा, आणि तो छापील पानाचा. पीडीएफचा काउंटर वेगळाच आकडा दाखवतो. लेखी युक्तिवाद ज्या भाषेत दाखल झाले त्याच भाषेत आहेत. फाइलचं नाव मात्र उपयोगी: आधी खटल्याचा क्रमांक, मग तारीख, मग जेयूडी म्हणजे निकाल किंवा ओआरडी म्हणजे आदेश. निकालांचे सारांश वाचायला सोपे, पण ते न्यायालयाचं अधिकृत म्हणणं नव्हे. निबंधात त्यांचा हवाला देऊ नका.

आणखी एक उणीव: कुठला देश कुठल्या करारात आहे, हे इथे नीट कळत नाही. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांचं ‘ट्रीटी कलेक्शन’ हे संकेतस्थळ उघडायचं. त्यात तेविसाव्या प्रकरणात करारांच्या कायद्याचं, म्हणजे करार कसे करायचे आणि त्यांचा अर्थ कसा लावायचा हे ठरवणारं, १९६९ चं व्हिएन्ना कन्व्हेन्शन आहे. त्या यादीत भारताचं नाव शोधून पाहा, सापडणार नाही. मग कुलभूषण जाधव खटल्याचा (भारत विरुद्ध पाकिस्तान), क्रमांक १६८ चा, १७ जुलै २०१९ चा निकाल उघडा. पाकिस्तानही त्या कन्व्हेन्शनचा पक्ष नसताना न्यायालयाने त्यातले अर्थ लावण्याचे नियम तिथे वापरले आहेत, कारण कलम ३१ आणि ३२ मधले नियम प्रथा म्हणूनही लागू होतात.