वरखाली सरकणाऱ्या खिडक्यांसाठी करून घेतलेल्या पितळी खिट्ट्या

आमच्या घराच्या तळमजल्यावर वरखाली सरकणाऱ्या सात खिडक्या आहेत. घर बडोद्यात, सयाजीगंजाच्या विश्वामित्री नदीकडच्या अंगाला आहे आणि ते माझ्या आजोबांनी 1934 साली बांधले. आजोबा कलाभवनात यंत्रविद्या शिकलेले होते. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये काढलेल्या त्या संस्थेतून बाहेर पडलेल्या माणसाला खिडकीतही दोरी, कप्पी आणि वजन यांची योजना करावीशी वाटली, यात नवल नाही. शेजारच्या घरांच्या खिडक्या बिजागऱ्यांवर उघडत होत्या आणि आमच्या तेवढ्या वर सरकत होत्या, याचे लहानपणी आम्हाला फार अप्रूप वाटे.

ऑगस्ट 2024 च्या पुरात नदीचे पाणी घरात आले आणि खिडक्यांच्या खालच्या झडपा दीड दिवस भिजत राहिल्या. सागवान फुगले, मग वाळले आणि बऱ्याच अंशी पूर्वीच्या मापावर आले. मात्र सुताराने झडपा उतरवताना मधल्या लोखंडी खिट्ट्या काढल्या, तेव्हा त्या नव्वद वर्षांच्या गंजासकट त्याच्या हातातच तुटल्या. त्या जागी पुन्हा काय बसवायचे, या शोधाला पुढे जवळजवळ आठ महिने लागले, आणि अखेर बडोद्याच्याच वाडी नावाच्या भागातील एका कारागिराकडून ज्या पितळी खिट्ट्या करून घेतल्या, त्यांचा एका पावसाळ्याचा अनुभव येथे लिहीत आहे.

ज्यांच्या घरी अशी खिडकी नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे अवश्य आहे. या खिडकीत दोन झडपा एकीपुढे एक अशा चौकटीच्या खाचांतून वरखाली जातात. चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजू आतून पोकळ असतात आणि त्यांत दोरीला बांधलेली ओतीव लोखंडाची वजने लोंबत असतात. वरच्या झडपेची वजने तिच्या भारापेक्षा किंचित जड आणि खालच्या झडपेची किंचित हलकी ठेवतात, म्हणजे वरची झडप वरच टेकून राहते आणि खालची खालीच. खिडकी बंद असताना वरच्या झडपेची तळाची आडवी पट्टी आणि खालच्या झडपेची माथ्याची आडवी पट्टी एकमेकींना लागून उभ्या राहतात, आणि खिट्टी बसते ती नेमकी या भेटीच्या जागी, माणसाच्या नजरेच्या उंचीवर. दारावरचे कुलूप आपण येता-जाता पाहतो. ही खिट्टी मात्र चहा पिताना, पेपर वाचताना, दिवसभर समोर असते. ती देखणी असावी ही अपेक्षा त्यामुळे चैनीची म्हणता येणार नाही.

प्रथम मी बाजारातील तयार माल आणला. एका मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात जुन्या पितळेसारख्या रंगाच्या, वेलबुट्टीच्या खिट्ट्या साडेतीनशे रुपयांना एक अशा मिळाल्या. हातात घेताच त्या हलक्या लागल्या, पण घाईत तिकडे दुर्लक्ष केले. त्या पितळेच्या नव्हत्या; जस्ताच्या मिश्रधातूवर रंग चढवलेला होता. दिवाळीपूर्वी बसवलेल्या त्या खिट्ट्यांचा रंग होळीपर्यंत बोट लागते तेथून उडाला आणि खालून राखाडी धातू दिसू लागला. त्याहून मोठा दोष त्यांच्या रचनेत होता. त्यांचा दांडा नुसताच फिरून दुसऱ्या झडपेवरील आकड्याखाली जात असे, तो झडपांना एकमेकींकडे ओढत नसे. वाऱ्याची झुळूक आली तरी खिडक्या खडखडत आणि दोन पट्ट्यांमधील फटीतून धूळ आत येई. शिवाय अशा साध्या दांड्याला त्याच फटीतून बाहेरून पातळ पाते घालून सरकवता येते. मी स्वतः अंगणात उभा राहून पोळ्यांच्या उलथन्याने ते करून पाहिले, आणि अर्ध्या मिनिटात खिट्टी उघडली.

त्यानंतर एका परिचिताने वाडीतील या कारागिराकडे धाडले. नाव देता येत नाही, कारण दुकानाला पाटीच नाही. एका बोळाच्या टोकाला दोन खणांची जागा, एका खणात लेथ आणि बफिंगचे चाक, दुसऱ्यात ओतकाम. हे गृहस्थ मुख्यतः झोपाळ्यांच्या पितळी कड्या, त्यांतले हत्ती आणि पोपट, आणि देवघराची घुंगरे करतात. खिडकीची खिट्टी त्यांनी पूर्वी केलेली नव्हती. मी तुटलेली जुनी खिट्टी, दोन्ही पट्ट्यांची मापे आणि कागदावर काढलेले एक चित्र घेऊन गेलो होतो. चित्रात खिट्टीच्या मुठीच्या जागी मोर होता, कारण झोपाळ्याच्या कड्या पाहून माझ्या डोक्यात मोर बसला होता. त्यांनी चित्र उलटसुलट पाहिले आणि विचारले, "साहेब, तमारे ताळुं जोईए छे के दागीनो?" म्हणजे कुलूप हवे की दागिना? मी दोन्ही हवे असे उत्तर दिले. त्यांनी मान हलवली आणि नमुना करून दिला.

तो मोर दिसायला सुरेख होता यात शंका नाही. पण त्याचा पिसारा पडद्याच्या जाळीत अडकू लागला, चोचीचे टोक अंगठ्याला बोचू लागले, आणि तिसऱ्या दिवशी थोडी घट्ट बसलेली खिट्टी जोराने फिरवताना मोराची मान तुटून माझ्या हातात आली. तेथे धातूची जाडी पाच मिलिमीटरही नव्हती आणि सगळा जोर नेमका तेथेच पडत होता. मी नमुना परत नेला तेव्हा कारागिराने काहीही बोलून दाखवले नाही, आणि हा त्यांचा सर्वांत मोठा गुण आहे असे माझे मत आहे.

दुसऱ्या नमुन्याची दिशा माझ्या आईमुळे ठरली. तिचे वय 81 आहे आणि तिच्या बोटांत संधिवात आहे. सकाळी खिडक्या उघडण्याचे काम तरीही ती कोणाला देत नाही. तिने आपल्या कुंकवाच्या करंड्याचे झाकण माझ्यापुढे ठेवले आणि "हे मला अजून उघडता येतं, असं काही करून आण," म्हणाली. मी करंडा घेऊन पुन्हा वाडीत गेलो. त्या झाकणावरची बोंडी म्हणजे मिटलेल्या कळीसारखा गोल, खाली मानेशी निमुळता होत गेलेला आकार आहे. कारागिराने तो मोठा करून बावीस मिलिमीटर व्यासाचा केला, पकड यावी म्हणून त्याच्या पोटावर लेथवर तीन बारीक रेघा काढल्या, आणि मान बारा मिलिमीटर जाड ठेवली. दांडा पासष्ट मिलिमीटर लांब आहे. तो मुद्दाम लांब मागितला होता, कारण दांडा जितका लांब तितका फिरवायला जोर कमी लागतो.

खरी कारागिरी मात्र दिसत नाही अशा भागात आहे. दांड्याच्या पोटाशी एक वक्र पाकळी आहे, जिची कड आसापासून हळूहळू दूर जाते. दांडा फिरवू लागले की ही पाकळी प्रथम दुसऱ्या झडपेवरील आकड्यात अलगद शिरते आणि पुढे फिरताना तिच्या चढत्या कडेमुळे आकडा, आणि त्याच्याबरोबर सबंध झडप, जवळ ओढली जाते. इंग्लंडमध्ये फिच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या खिट्टीचे हेच तत्त्व आहे. शेवटच्या पाव फेऱ्यात हाताला किंचित अडथळा जाणवतो, मग बैठकीतील पोलादी पट्टीची कमान (स्प्रिंग) दांड्याखालच्या खोबणीत 'टक्' असा आवाज करून बसते. त्या खोबणीमुळे दांडा बाहेरून पात्याने सरकत नाही. उलथन्याचा प्रयोग मी नव्या खिट्टीवरही केला आणि उलथने वाकले. आकड्याच्या बैठकीतील भोके गोल न ठेवता लांबट ठेवली आहेत, म्हणजे पावसाळ्यात लाकूड फुगून झडपा दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाल्या तरी स्क्रू सैल करून आकडा सरकवता येतो. ही सूचना माझी होती, आणि नोंदवण्याजोगी माझी एवढीच आहे.

ओतकाम वाळूच्या साच्यात होते. ज्याचा ठसा वाळूत उठवतात तो लाकडी फर्मा प्रत्यक्ष मापापेक्षा सुमारे दीड टक्का मोठा करावा लागतो, कारण थंड होताना पितळ तेवढे आकसते. फर्म्याचे एकदाच 1,800 रुपये आणि प्रत्येक नगाचे 1,150 रुपये असा दर ठरला. सात खिडक्यांपैकी एक चार फूट रुंद आहे आणि तिला मधोमध एक खिट्टी लावली तर कोपरे उघडे राहतात, म्हणून तिला दोन लावल्या. एक नग राखीव ठेवला. असे नऊ नग आणि फर्मा मिळून 12,150 रुपये झाले. हा खर्च तयार मालाच्या तिपटीहून अधिक आहे, हे लपवण्याचे कारण नाही.

आता तक्रारी. पहिली विलंबाची. माल अक्षय्यतृतीयेला मिळायचा होता, तो मिळाला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिल्या सरीबरोबर. दरम्यान मी पाच फेऱ्या मारल्या, आणि प्रत्येक वेळी चहा मिळाला, खिट्ट्या मिळाल्या नाहीत. दुसरी, दोन नगांच्या बैठकीच्या तळाला ओतकामातील बारीक छिद्रे होती. ती वरून दिसत नाहीत, पण मी दाखवताच त्यांनी एक नग बदलून दिला आणि दुसरा बदलून देण्यास खळखळ केली. तिसरी तक्रार स्क्रूंची आहे आणि ती मला अधिक लागली. खिट्टीबरोबर दिलेले स्क्रू पिवळे होते, पण लोहचुंबक लावताच चिकटले; म्हणजे आतून लोखंड आणि वर पितळेचा मुलामा. असा स्क्रू पावसाळ्यात सागवानात काळा डाग सोडतो. मी ते सगळे बाजूला ठेवून अस्सल पितळेचे स्क्रू आणले. ते मऊ असतात आणि सागवानात थेट पिळले तर त्यांचे डोके तुटते, म्हणून सुताराने आधी बारीक भोक पाडले, त्यात त्याच मापाचा पोलादी स्क्रू एकदा पिळून काढला, आणि मग पितळी स्क्रू मेणबत्तीवर घासून बसवला. सर्व स्क्रूंच्या खाचा उभ्या एका रेषेत आल्या पाहिजेत हा माझा हट्ट त्याने सोसला. त्याने कामात काही फरक पडत नाही, पण मला बरे वाटते.

चकाकीबाबत मी एक तुलना केली. पाच नगांवर लाखेसारखा पारदर्शक थर मारून घेतला होता आणि चार तसेच ठेवले होते. पावसाळ्याअखेर थर दिलेल्या खिट्ट्यांवर, जेथे अंगठा टेकतो तेथे, थर उडून काळपट ठिपके पडले आणि त्या आजारी दिसू लागल्या. थर न दिलेल्या मात्र सर्वत्र सारख्या मधाच्या रंगाच्या झाल्या. आई सणावारी समईबरोबर त्याही चिंच-मिठाने घासते आणि त्या पुन्हा उजळतात. पुढे कोणी करून घेणार असेल तर थराचे पैसे देऊ नयेत.

या खिट्टीला किल्ली नाही. काच फोडून कोणी हात घातला तर ती आतून सहज उघडेल, तेव्हा तिला चोरापासूनचे संरक्षण समजू नये. ती झडपा घट्ट मिटवण्याचे काम करते आणि ते उत्तम करते. रात्री खिडकी चार बोटे उघडी ठेवून त्याच जागी अडवायची असेल, तर बाजूच्या खाचेत बसणारी स्वतंत्र पितळी अडसर-खुंटी लागते. आडव्या सरकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना या वस्तूचा काहीच उपयोग नाही, आणि हे कारागीरही ते काम घेत नाहीत. चौदा अडसर-खुंट्यांची मापे मी गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे देऊन आलो आहे. त्यांनी संक्रांतीचा वायदा केला आहे. मी वहीत होळी लिहून ठेवली आहे.