नागपूरच्या धंतोलीतलं कॅन्सरच्या औषधांचं दुकान: पाचपैकी साडेचार

माझ्या धाकट्या भावाला फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह एएलएल हा रक्ताचा कॅन्सर झाला. माझ्या स्टेम सेल जुळल्या, ट्रान्सप्लांट पार पडलं, आणि आता त्याला रोज डासाटिनिबची गोळी सुरू आहे. ट्रान्सप्लांट झाल्यावर पुन्हा गोळी कशाला, असं भेटायला येणारे सगळेच विचारतात. या आजारात 9 आणि 22 नंबरच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि बीसीआर-एबीएल हा बिघडलेला जनुक तयार होतो. त्याचं प्रथिन पेशींना वाढतच ठेवतं. गोळी नेमकी त्यालाच अडवते. एखादी पेशी ट्रान्सप्लांटमधून वाचली असेल तर तिने डोकं वर काढू नये, म्हणून ही गोळी. सोबत तो जनुक रक्तात पुन्हा दिसतोय का, हे पाहणारी पीसीआर तपासणी ठरावीक काळाने.

अशी गोळी देणारा माणूस जाणकारच हवा. या दुकानातल्या फार्मासिस्ट ताई तशा आहेत, म्हणून हे लिहितेय.

भावाला ॲसिडिटी झाली तेव्हा घराजवळच्या डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी पुढे केली तर ताईंनी स्ट्रिप काढलीच नाही. म्हणाल्या, "ताई, दादांचं डासाटिनिब सुरू आहे ना? पोटातलं आम्ल कमी झालं की ती गोळी अंगी लागत नाही. आधी तुमच्या हिमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे रक्तविकारांच्या डॉक्टरांना विचारू." काउंटरवरूनच फोन लावला. सरांनी पॅन्टोप्राझोल रद्द करून साधं अँटासिड सांगितलं, तेही गोळीच्या दोन तास आधी किंवा दोन तासांनंतर. ताईंनी ते पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, आईला वाचता यावं म्हणून. बुरशीचं औषध बदललं का, हेही त्या दर वेळी विचारतात, कारण व्होरिकोनाझोलसारख्या औषधाने रक्तात डासाटिनिब वाढतं. गोळी तोडायची नाही, कुटायची नाही. आणि मे महिन्यात बजावून सांगतात, "गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, थेट घरी न्या." नागपूरचं ऊन माहीत असलेल्यालाच हे सुचतं.

पैशांच्या बाबतीतही सरळ काम. मूळ कंपनीची आणि भारतीय जेनेरिक, दोन्हींची किंमत न विचारता समोर ठेवतात आणि डॉक्टरांशी बोलून ठरवा म्हणतात. बिलावर बॅच नंबर असतोच. इमॅटिनिब या अशाच प्रकारच्या गोळीच्या पेटंटसाठीचा नोव्हार्टिस कंपनीचा दावा 2013 साली सुप्रीम कोर्टाने फेटाळून स्वस्त जेनेरिकची वाट मोकळी ठेवली नसती, तर आमच्यासारख्या घरांचं काय झालं असतं, हा विचार तिथे उभं राहिलं की येतोच.

अर्धा गुण कापला तो जागेसाठी. बसायला एकच बाकडं, आणि संध्याकाळी खेटून उभं राहावं लागतं. ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाला अशा गर्दीत मुळीच नेऊ नका, घरच्या कोणीतरी जावं. सकाळी गेलात तर ताई निवांत बोलतात. रविवारी बंद असतं. स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधी फोन करा, मागवून ठेवतात.