रिटेनर की सुटी कामे? नोकरी सोडलेल्या फिक्स्चर डिझायनरपुढचा प्रश्न

नोकरी सोडायची की नाही, हा प्रश्न ज्यांच्यापुरता सुटलेला आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. जिग-फिक्स्चर, म्हणजे मशीनवर काम होताना भाग नेमक्या जागी घट्ट धरून ठेवणारी साधने, यांच्या डिझाइनच्या आमच्या क्षेत्रात त्यानंतर लगेच दुसरा प्रश्न समोर येतो आणि त्याचा विचार सहसा कुणी आधी करून ठेवलेला नसतो. एखाद्या कंपनीशी महिन्याला ठरलेल्या रकमेवर स्वतःला बांधून घ्यायचे, की येईल त्या कारखान्याचे काम फिक्स्चरमागे दर ठरवून करायचे? मी चाकणच्या एका कंपनीसाठी 3 वर्षे रिटेनरवर, म्हणजे पहिल्या पद्धतीने, काम केले आणि गेली 6 वर्षे भोसरीत सुटी कामे करतो आहे. दोन्हीकडचे दिवस पाहिल्यामुळे थोडे सांगण्याचा अधिकार आहे असे वाटते, तरी हा अनुभव एका माणसाचा आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

पैशाच्या बाबतीत रिटेनर उजवा आहे, हे आधीच मान्य करतो. महिन्याची ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी खात्यात येते आणि घराचा हप्ता, मुलांची फी यांची तारीख जवळ आली की पोटात गोळा येत नाही. सुट्या कामांत तसे नसते. उद्यम नोंदणी असलेल्या लहान व्यावसायिकाला 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने संरक्षण दिले आहे; लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर व्याजही मागता येते. परंतु ज्याच्याकडून पुढचे काम हवे आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार घेऊन सहसा कुणी जात नाही. माझी बिले सरासरी दोन महिन्यांनी सुटत, काही तीन महिन्यांनी. आता मी 40 टक्के ॲडव्हान्स घेतो, थ्रीडी मॉडेल मंजुरीसाठी दाखवतो आणि डिटेल ड्रॉइंग मात्र उरलेली रक्कम जमा झाल्यावरच पाठवतो. हे सांगायला सुरुवातीला जीभ रेटत नसे, पण या अटीमुळे गिऱ्हाईक तुटले असे क्वचितच घडले. कराचा हिशेब दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो.

रिटेनर दिसायला नोकरीसारखा असला, तरी त्यात पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि माझ्या करारात तर तो एका महिन्याच्या नोटिशीवर संपवण्याची मुभा होती. म्हणजे नोकरीची बांधिलकी पुरती होती, पण नोकरीचा आधार निम्मासुद्धा नव्हता. तरीही केवळ यासाठी मी तो सोडला नसता.

मी तो सोडला रिव्हिजनपायी, म्हणजे मंजूर ड्रॉइंगमध्ये पुन्हा पुन्हा होणाऱ्या बदलांपायी. एका गिअरबॉक्स हाउसिंगच्या फिक्स्चरचे ड्रॉइंग मंजूर झाल्यानंतर हायड्रॉलिक क्लॅम्प काढून हाताचे क्लॅम्प बसवायला सांगण्यात आले, दोन आठवड्यांनी पुन्हा हायड्रॉलिक, मग लोकेटरची (भाग टेकवून त्याची जागा पक्की करणाऱ्या टेकूंची) जागा, मग बेस प्लेटची जाडी. ते ड्रॉइंग शेवटी ‘के’ रिव्हिजनपर्यंत गेले. रिव्हिजनना ए, बी, सी अशी अक्षरे देतात; आय हे अक्षर एकच्या आकड्याशी घोळ होऊ नये म्हणून वापरत नाहीत, तेव्हा ‘के’ म्हणजे दहावी. कोपऱ्यातल्या रिव्हिजनच्या तक्त्यात ओळी उरल्या नाहीत म्हणून तो मला वर वाढवावा लागला. या दहांपैकी कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) पॅटर्नमध्ये खरोखर फरक पडल्यामुळे कराव्या लागलेल्या, माझ्या वहीप्रमाणे, तीनच होत्या. कुणाच्याही मनात वाईट नव्हते. बदलाची किंमत कुणाच्याच खात्यावर पडत नव्हती, म्हणून मीटिंगमध्ये सुचलेले प्रत्येक मत ड्रॉइंगवर उतरत होते. मला सर्वांत जास्त लागले ते हे, की चिप, म्हणजे कापताना निघणारा धातूचा कीस, बाहेर पडायला मी मुद्दाम ठेवलेली वाट या फेरफारांत बुजून गेली आणि दहावे ड्रॉइंग पहिल्यापेक्षा वाईट निघाले, तरी खाली नाव माझेच होते.

आज माझ्या प्रत्येक कोटेशनमध्ये लिहिलेले असते की मंजुरीनंतरच्या 2 रिव्हिजन दरात धरल्या आहेत आणि तिसरीपासून तासाप्रमाणे आकार पडेल. 6 वर्षांत तो आकार लावण्याची वेळ क्वचितच आली, कारण आता बदल आधी आपापसांत ठरतात आणि एकाच ईमेलमध्ये येतात.

दुसरा फरक कदाचित स्वभावाचा असेल. रिटेनरच्या 3 वर्षांत मी माझे एकही फिक्स्चर मशीनवर चढलेले पाहिले नाही. फोटो येत, दुरुस्त्या येत. भोसरीतल्या लहान वर्कशॉपमध्ये मी स्वतः व्हीएमसीपाशी (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनपाशी) उभा राहतो. एकदा तिथल्या ऑपरेटरने कास्टिंग हातात घेऊन, उलटे करून फिक्स्चरवर बसवून दाखवले आणि म्हणाला, “साहेब, रात्रपाळीचा पोरगा हे असंच लावणार बघा.” तीन बाजूंना अनुक्रमे तीन, दोन आणि एक टेकू देण्याच्या तीन-दोन-एकच्या नियमाने सहाही लोकेटर बरोबर होते, आणि तरीही त्याचे म्हणणे खरे होते. चार मिलिमीटरची एक पिन वाढवली आणि ते कास्टिंग उलटे बसणेच बंद झाले. तो आनंद मला महिन्याच्या ठरलेल्या रकमेत कधी मिळाला नव्हता.

सुट्या कामांचा ताण मात्र कमी लेखू नये. तीन कोटेशने द्यावीत तेव्हा एक काम हाती येते आणि उरलेल्या दोहोंचे तास कुणी भरून देत नाही. एका वर्षी दिवाळीनंतर सलग दोन महिने एकही ऑर्डर आली नाही, आणि त्यातच सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क भरायची तारीख आली. तेव्हापासून 6 महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवतो. ती शिल्लक नसेल, किंवा घरात एकाच्याच मिळकतीवर सगळे चालत असेल, तर सुरुवातीचे वर्ष-दोन वर्षे रिटेनर घेणे शहाणपणाचे ठरेल, असे मीही म्हणेन. ती शिल्लक असेल, तर निदान माझा कौल सुट्या कामांना आहे.

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या टूलरूममधला एक तरुण सहकारी असाच रिटेनरचा करार घेऊन आला होता. घरची परिस्थिती पाहता त्याने तो घ्यावा, असेच मी सांगितले. रकमेबद्दल मी काही बोललो नाही. फक्त महिन्याला किती फिक्स्चर आणि प्रत्येकी किती रिव्हिजन, हे दोन आकडे करारात घालून घ्यायला लावले. कंपनीने ते दोन दिवसांत मान्य केले.